बोलण्याचे चित्र कसे वाचावे? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

उच्चारांचे वारंवारतेनुसार विश्लेषण कसे केले जाते, याविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी निवृत्त मराठी शिक्षक आहे. माझ्या नातीने माझे बोलणे ध्वनिमुद्रित करून संगणकावर त्याचे करड्या-काळ्या डागांचे एक चित्र काढले आणि ‘आबा, हा तुमचा आ आणि ही तुमची ई’ असे बोट ठेवून दाखवले. त्या डागांत स्वर ओळखता येतो तो कसा? (सांगली)

उत्तर : आपल्या नातीने दाखवलेल्या चित्राला स्पेक्ट्रोग्राम म्हणतात. त्यात डावीकडून उजवीकडे वेळ पुढे सरकते, खालून वर वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, वाढत जाते, आणि एखादी जागा जितकी काळी तितकी त्या क्षणी त्या वारंवारतेला ध्वनीची ऊर्जा अधिक असते. म्हणजे एकाच कागदावर ‘केव्हा’, ‘किती उंच’ आणि ‘किती जोरात’ या तिन्ही गोष्टी मावतात.

स्वर ओळखता येतो तो कसा, हे समजण्यासाठी आवाज कोठे तयार होतो आणि कोठे घडवला जातो, या दोन गोष्टी वेगळ्या पाहाव्या लागतात. आवाज तयार होतो तो कंठातील स्वरतंतूंपाशी. प्रौढ पुरुषाचे स्वरतंतू सहज बोलताना सेकंदाला साधारण १०० ते १३० वेळा मिटतात व उघडतात, स्त्रियांचे २०० ते २२० वेळा आणि लहान मुलांचे त्याहून अधिक वेळा. मात्र त्यातून एकच वारंवारता निघत नाही. मूळ वारंवारता १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० कंपने, असेल तर तिच्याबरोबर २४०, ३६०, ४८० अशा तिच्या सर्व पटींतील ध्वनीही निघतात. त्यांना संनादी म्हणतात. हा मूळ आवाज आपल्याला कधी जसाच्या तसा ऐकू येत नाही, कारण तो घसा आणि मुख यांच्या पोकळीतून बाहेर पडतो आणि ती पोकळी काही वारंवारता उचलून धरते, तर काही दाबून टाकते. नळाखाली घागर भरत आली की तिचा आवाज चढत जातो, कारण आतली हवेची पोकळी आखूड होत जाते. तोंडात हेच काम जीभ, जबडा आणि ओठ करतात.

पुरुषाच्या स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची वाट सुमारे १७ सेंटिमीटर लांब असते. जीभ मधोमध सैल ठेवली आणि ही वाट सर्वत्र सारख्या रुंदीची मानली, तर ती ५००, १५०० आणि २५०० हर्ट्झच्या आसपास ध्वनी उचलून धरते. जीभ हलली की ही ठिकाणे सरकतात. चित्रातील आडवे काळे पट्टे म्हणजे हीच ठिकाणे, आणि त्यांना फॉर्मंट असे नाव आहे. सर्वांत खालचा, म्हणजे पहिला पट्टा तोंड जितके उघडावे तितका वर जातो. दुसरा पट्टा जीभ जितकी पुढे न्यावी तितका वर जातो. त्यामुळे ‘ई’ म्हणताना पहिला पट्टा तळाशी आणि दुसरा खूप वर, असे दोघांत मोठे अंतर पडते, तर ‘आ’ म्हणताना पहिला वर चढतो, दुसरा खाली उतरतो आणि दोघे जवळ येतात. ‘ऊ’ म्हणताना दोन्ही पट्टे तळाशी राहतात. पीटरसन आणि बार्नी या अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेच्या संशोधकांनी १९५२ साली ७६ इंग्रजी भाषकांचे स्वर मोजून प्रसिद्ध केले. त्यांतील पुरुषांच्या ‘ई’चे पहिले दोन पट्टे सरासरीने २७० आणि २२९० हर्ट्झवर, तर ‘आ’चे ७३० आणि १०९० हर्ट्झवर होते. मराठी स्वरांतही पट्ट्यांचे हेच परस्पर नाते दिसते.

आपण आयुष्यभर व्याकरण शिकवले आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. संवृत आणि विवृत, अग्र आणि पश्च हे जे भेद आपण वर्गात सांगत आलात, तेच या दोन पट्ट्यांत उतरलेले असतात. प्रातिशाख्ये आणि शिक्षाग्रंथ, म्हणजे वेदांच्या उच्चारांविषयीचे प्राचीन ग्रंथ, रचणाऱ्यांनी उच्चारस्थानांची मांडणी कोणत्याही यंत्राविना, केवळ स्वतःच्या मुखाकडे लक्ष देऊन केली होती, आणि यंत्र आल्यावरही ती मोडून पडली नाही. मला हा आपल्याकडील शास्त्रपरंपरेचा फार मोठा ठेवा वाटतो.

प्रश्न : संगणक येण्यापूर्वी अशी चित्रे काढता येत होती का? (अमरावती)

उत्तर : होय. बेल टेलिफोन प्रयोगशाळेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असे यंत्र तयार झाले. युद्ध चालू असेपर्यंत ते काम उघड केले गेले नाही आणि राल्फ पॉटर यांनी १९४५ च्या अखेरीस त्याची माहिती प्रसिद्ध केली. बहिऱ्या माणसांना डोळ्यांनी बोलणे वाचता यावे, दूरध्वनीही वापरता यावा, ही त्यामागील एक मोठी आशा होती. ती त्या रूपात फळाला आली नाही. पण भाषाभ्यासकांच्या हाती त्यातून एक विलक्षण साधन आले. १९५१ पासून के इलेक्ट्रिक या कंपनीने ‘सोनाग्राफ’ नावाने हे यंत्र विकायला आणले.

त्याची काम करण्याची रीत जाणून घेण्यासारखी आहे. एका वेळी फक्त २.४ सेकंदांचे बोलणे चुंबकीय तबकडीवर नोंदवले जाई. तेच बोलणे पुन्हा पुन्हा वाजवले जाई, आणि प्रत्येक फेरीला ते एका गाळणीतून जाई. ही गाळणी ठरावीक पट्ट्यातील वारंवारता तेवढी पुढे सोडत असे. दर फेरीला हा पट्टा थोडा वर सरके आणि त्याबरोबर फिरत्या नळकांड्यावर गुंडाळलेल्या खास कागदावरील तारेचे टोकही थोडे वर सरके. ऊर्जा असेल तेथे त्या टोकातून विजेची ठिणगी पडून कागद करपे. काही मिनिटांनी एक चित्र पुरे होई, तोवर खोलीत जळक्या कागदाचा वास भरलेला असे. जेमतेम अडीच सेकंदांच्या बोलण्यासाठी इतका खटाटोप करावा लागत असल्यामुळे त्या काळचे अभ्यासक कोणते वाक्य नोंदवायचे याचा आधी बराच विचार करत. आज तासाभराचे बोलणे क्षणात चित्रित होते, आणि हा आधीचा विचार मात्र मागे पडू लागला आहे, याची मला खंत वाटते.

प्रश्न : मी भाषाशास्त्राची विद्यार्थिनी आहे. ‘प्राट’ या प्रणालीत एकाच शब्दाचे चित्र काढले असता कधी बारीक आडव्या रेघा दिसतात, तर कधी जाड पट्टे आणि त्यांवर उभ्या रेघा. यांतले खरे चित्र कोणते? (पुणे)

उत्तर : दोन्ही खरी आहेत. अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी विकसित केलेली ही प्रणाली विनामूल्य मिळते आणि जगभर वापरली जाते. पण ती उघडल्याबरोबर जे चित्र दिसते ते काही ठरलेल्या मांडण्यांवर (सेटिंग्जवर) उभे असते, हे पुष्कळ विद्यार्थ्यांना सांगितलेच जात नाही.

वारंवारता मोजायची तर ध्वनीचा एखादा तुकडा घ्यावा लागतो, कारण एका बिंदूला वारंवारता नसते. हा तुकडा किती लांब घ्यायचा, यावर सगळे अवलंबून आहे. प्राटमध्ये तो सुरुवातीला ५ मिलिसेकंदांचा ठेवलेला असतो. एवढ्या आखूड तुकड्यात वेळ अगदी नेमकी कळते, पण वारंवारता सुमारे २६० हर्ट्झ इतक्या रुंदीने पसरते. त्यामुळे १२० हर्ट्झच्या अंतरावर असलेले शेजारचे संनादी एकमेकांत मिसळतात आणि त्यांचे जाड पट्टे, म्हणजे फॉर्मंट, तेवढे दिसतात. उभ्या रेघा दिसतात त्या स्वरतंतूंच्या एकेका मिटण्याच्या. हाच तुकडा आपण ३० मिलिसेकंदांचा केला तर वारंवारतेचा पसरटपणा सुमारे ४३ हर्ट्झवर येतो, संनादी सुटे होऊन आडव्या रेघा उमटतात, आणि त्या मोबदल्यात उभ्या रेघा पुसल्या जातात. वेळ आणि वारंवारता या दोहोंचा नेमकेपणा एकाच वेळी हवा तितका वाढवता येत नाही. हे यंत्राचे वैगुण्य नसून गणिताचे बंधन आहे, आणि जुन्या सोनाग्राफवरही ३०० आणि ४५ हर्ट्झ अशा दोन रुंदीच्या गाळण्या याच कारणाने दिलेल्या असत.

आपल्याला व्यंजनाचा स्फोट कोठे झाला, स्वर कोठे सुरू झाला हे पाहायचे असेल तर आखूड तुकडा घ्यावा. प्रश्नार्थक वाक्यात सूर कसा चढतो हे पाहायचे असेल तर लांब तुकडा घ्यावा. प्रबंधात चित्र छापताना त्याखाली तुकड्याची लांबी अवश्य लिहावी. ती लिहिली नाही तर वाचणाऱ्याला त्या चित्रावरून काही ताडून पाहता येत नाही.

प्रश्न : ‘चार’ या संख्येतील च आणि ‘चारा’ या शब्दातील च आपण वेगळे उच्चारतो, पण लिहितो मात्र सारखे. हा भेद यंत्राला कळतो का? तसेच ग आणि घ, त आणि थ यांतील भेद चित्रात कसा दिसतो? (नाशिक आणि बेळगाव येथील दोन पत्रे)

उत्तर : कळतो, आणि बराच स्पष्ट कळतो. कोणताही च उच्चारताना आधी हवा पूर्ण अडते, म्हणून चित्रात क्षणभर कोरी जागा दिसते. नंतर अडथळा सुटतो आणि हवा अरुंद फटीतून घासत बाहेर पडते. या घर्षणाला संनादी नसतात. ते वाळू पसरल्यासारखे अनियमित ठिपक्यांचे असते. ही वाळू कोठून सुरू होते ते पाहावे. ‘चार’मधील तालव्य च म्हणताना जिभेच्या पुढे थोडी मोठी पोकळी राहते, म्हणून घर्षणाची ऊर्जा साधारणतः २५०० हर्ट्झच्या आसपासपासून वर दिसते. ‘चारा’मधील दंत्य च म्हणताना जिभेचे टोक दातांजवळ असते, पुढची पोकळी अगदी लहान होते आणि काळेपणा ४००० हर्ट्झच्या वरच्या भागात जमतो. म्हणूनच प्राटमधील चित्राची वरची मर्यादा ५००० हर्ट्झवर ठेवून हा भेद पाहू नये. ती ८००० किंवा १०००० करावी, नाहीतर दंत्य च चा महत्त्वाचा भागच चौकटीबाहेर राहतो. ‘थोडेसे’ या अर्थाचा ‘जरा’ आणि ‘वार्धक्य’ या अर्थाची ‘जरा’ हे दोन शब्द पाठोपाठ ध्वनिमुद्रित करून पाहावेत. लिपीने लपवलेला हा भेद डोळ्यांसमोर येतो.

अल्पप्राण (ग, त) आणि महाप्राण (घ, थ) यांचा प्रश्न अधिक खोल आहे, आणि त्याच्या इतिहासात मराठीला मानाचे स्थान आहे. लिस्कर आणि अब्रॅमसन या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतील हॅस्किन्स प्रयोगशाळेत काम करताना १९६४ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी अकरा भाषांतील शब्दारंभीचे स्पर्श, म्हणजे हवा पूर्ण अडवून सोडली जाणारी त, द यांसारखी व्यंजने, तपासले. त्यांत तमिळ, हिंदी आणि मराठी या तीन भारतीय भाषा होत्या. मोजमाप अगदी साधे होते : अडथळा सुटण्याचा क्षण शून्य मानायचा आणि स्वरतंतूंचे कंपन त्याच्या किती आधी किंवा नंतर सुरू होते, ते मिलिसेकंदांत मोजायचे. ‘द’मध्ये कंपन अडथळा सुटण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते, ‘त’मध्ये जवळजवळ त्याच क्षणी, आणि ‘थ’मध्ये कित्येक मिलिसेकंद उशिरा, मधल्या वेळात केवळ श्वास वाहतो. एवढ्या एका मापाने बहुतेक भाषांतील भेद सुटे झाले.

हिंदी आणि मराठीतील घ, ध, भ यांपाशी मात्र हे माप थांबले. ‘द’ आणि ‘ध’ या दोहोंतही कंपन आधीच सुरू झालेले असते, त्यामुळे केवळ या वेळेवरून त्यांना वेगळे करता येत नाही, हे त्या दोघांनी स्वतःच नोंदवले. एखादा सिद्धांत कोठे अपुरा पडतो ते इतक्या स्वच्छपणे सांगणे ही मला त्या निबंधाची मोठी थोरवी वाटते. मग ‘ध’ वेगळा कशात? अडथळा सुटल्यानंतर स्वरतंतू कंपन पावत असतात, पण पूर्ण मिटत नाहीत, आणि त्यांच्यामधून श्वासही वाहत राहतो. चित्रात ‘धार’मधील ‘आ’ या स्वराचा सुरुवातीचा भाग पाहावा : तळाशी पहिला संनादी ठळक असतो, वरच्या पट्ट्यांतील उभ्या रेघा फिकट व धूसर होतात, त्यांच्या जागी श्वासाचे ठिपके पसरतात, आणि काही अवधीनंतर स्वर स्वच्छ होतो. शेजारी ‘दार’ ठेवले तर त्यातील ‘आ’ पहिल्यापासून स्वच्छ दिसतो. याचा अर्थ महाप्राणत्वाची खूण व्यंजनात शोधून भागत नाही, ती पुढच्या स्वराच्या आरंभात शोधावी लागते. म्ह, न्ह, ल्ह यांसाठीही हीच वाट धरावी.

यावरून एक निरीक्षण करून पाहण्यासारखे आहे. शब्दाच्या शेवटी, जेथे पुढे स्वरच येत नाही, तेथे ही खूण उमटायला जागा फार थोडी उरते, आणि ‘दूध’ हा शब्द पुष्कळांच्या सहज बोलण्यात ‘दूद’च्या जवळ जातो. ‘दूध’ आणि ‘दुधात’ असे दोन उच्चार एकाच व्यक्तीकडून ध्वनिमुद्रित करून घ्यावेत. त्या व्यक्तीला कारण आधी सांगू नये, कारण सांगितले की माणूस जपून बोलू लागतो.

प्रश्न : दूरध्वनीवर इंग्रजी अक्षरे सांगताना ‘एस’ आणि ‘एफ’ यांत नेहमी घोटाळा का होतो? (पनवेल)

उत्तर : पारंपरिक दूरध्वनी ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पलीकडे पोहोचवतो. ‘स’चे घर्षण मुख्यतः ४००० हर्ट्झच्या वर असते, ते वाटेतच गळून जाते, आणि मागे उरते ते ‘फ’च्या क्षीण घर्षणासारखे काहीतरी. ‘श’चे घर्षण खालपासून सुरू होत असल्यामुळे तो बराचसा टिकतो. या पट्ट्यात पुरुषाच्या आवाजाची १२० हर्ट्झची मूळ वारंवारताही बसत नाही, तरी आवाज भारी तो भारीच ऐकू येतो, कारण ३६०, ४८०, ६०० हे संनादी पोहोचलेले असतात आणि त्यांच्यातील १२० च्या अंतरावरून आपले श्रवण मूळ सूर स्वतः भरून काढते. नव्या जाळ्यांवरील रुंद पट्ट्याचे कॉल सुमारे ७००० हर्ट्झपर्यंत जातात, तेथे हा घोटाळा पुष्कळ कमी होतो.

प्रश्न : मी लहान मुलांची वाचा-उपचारक आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या स्वरांचे फॉर्मंट संगणक दर वेळी वेगळेच दाखवतो. चूक कोठे होत असावी? (कोल्हापूर)

उत्तर : बहुधा दोन ठिकाणी. पहिले म्हणजे शोधाची वरची मर्यादा. प्राट ठरावीक मर्यादेच्या आत पाच फॉर्मंट शोधते, आणि ही मर्यादा प्रौढ पुरुषासाठी ५०००, स्त्रीसाठी ५५०० हर्ट्झ ठेवावी अशी शिफारस आहे. लहान मुलाची मुखपोकळी आखूड असल्यामुळे त्याचे पट्टे वर असतात, म्हणून ती ८००० हर्ट्झपर्यंत न्यावी लागते. न नेल्यास संगणक नसलेले पट्टे शोधून दाखवतो.

दुसरे कारण मर्यादा बदलून दूर होत नाही. मुलाचा सूर ३५० हर्ट्झचा असेल तर संनादी ३५०, ७००, १०५० असे लांब लांब असतात. पोकळी ५०० हर्ट्झला ध्वनी उचलून धरायला तयार असली तरी तेथे उचलण्यासारखा संनादीच नसतो, आणि मग संगणक जवळच्या संनादीलाच फॉर्मंट समजतो. गायनात याचेच टोक दिसते. गायिकेने षड्ज २२० हर्ट्झवर लावला तर तार पंचम ६६० वर येतो, आणि त्याखाली काहीच नसल्यामुळे ३०० हर्ट्झच्या आसपास पहिला पट्टा असणारी ‘ई’ तेथे ‘ई’ म्हणून ऐकू येणे अवघड होते. बोलांतील स्वर तारसप्तकात पुसट का होतात, याचे हे मोठे कारण आहे.

आपल्यासाठी माझी सूचना अशी की मुलाकडून एकच स्वर सूर खालीवर करत म्हणवून घ्यावा, म्हणजे संनादी सरकत जाऊन निरनिराळ्या वारंवारतांवर पोकळीचा ठाव घेतात. निरनिराळ्या शब्दांतील अनेक उच्चारांची मधली किंमत घ्यावी, आणि एका आकड्यावरून मुलाच्या उच्चाराविषयी निदान करू नये. आपल्या सरावलेल्या कानाने ‘ए’ ऐकला आणि संगणकाने वेगळे सांगितले, तर आधी संगणकाच्या मांडण्या तपासाव्यात.

प्रश्न : बोटांच्या ठशांप्रमाणे आवाजाचा ठसा असतो, असे वाचले. न्यायालयात तो पुरावा धरता येतो का? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ही कल्पना बेल प्रयोगशाळेतील लॉरेन्स केर्स्टा यांनी १९६२ साली मांडली. दोन स्पेक्ट्रोग्राम शेजारी ठेवून नुसत्या नजरेने माणूस ओळखता येतो आणि त्यात चूक क्वचितच होते, असा त्यांचा दावा होता. अमेरिकेतील काही न्यायालयांनी तो स्वीकारला, काहींनी नाकारला. पुढे १९७९ साली तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने प्रत्यक्ष तपासकामाच्या परिस्थितीत अशी ओळख किती बिनचूक ठरते याविषयी मोठी अनिश्चितता असल्याचे सांगून सावधगिरीचा इशारा दिला. ‘ठसा’ ही उपमा मुळातच फसवी आहे. बोटाची रेषा जन्मभर बदलत नाही. आवाज मात्र सर्दीने, रागाने, वयाने, समोर कोण आहे यावरून आणि कोणत्या दूरध्वनीवरून बोलतो त्यावरूनही बदलतो. एकाच माणसाने एकच शब्द दोनदा उच्चारला तरी दोन चित्रे तंतोतंत जुळत नाहीत.

म्हणून जाणकार परीक्षक आता ‘हाच तो’ असे म्हणण्याऐवजी दोन प्रश्न मांडतात : दोन्ही नोंदींतील हे साम्य आवाज एकाच व्यक्तीचा असेल तर किती संभवते, आणि तो दुसऱ्या कोणाचा असेल तर किती संभवते? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी त्याच भाषेच्या, त्याच भागातील पुष्कळ लोकांच्या आवाजाची नोंद हाताशी लागते. वऱ्हाडी किंवा मालवणी बोलणाऱ्या संशयिताची तुलना केवळ पुण्या-मुंबईच्या नोंदींशी केली, तर जे त्या बोलीत सर्वांचेच असते ते त्या एकट्याचे वैशिष्ट्य म्हणून पुढे येण्याचा धोका राहतो, आणि हा धोका मला यंत्राच्या कोणत्याही त्रुटीपेक्षा गंभीर वाटतो.

आपल्या देशातील कायद्याविषयी थोडक्यात सांगायचे तर, तपासासाठी आवाजाचा नमुना देण्याचा आदेश न्यायदंडाधिकारी देऊ शकतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये आवाजाच्या नमुन्याचा आता स्पष्ट उल्लेख आहे. नमुना देणे म्हणजे आवाज जुळला असे होत नाही. तो जुळतो की नाही याबद्दल तज्ज्ञ आपले मत देतात, आणि त्या मताला किती वजन द्यायचे ते इतर पुराव्यांबरोबर न्यायालय ठरवते. बचाव पक्षाने अशा वेळी मूळ ध्वनिमुद्रण मागावे, नुसत्या छापील चित्रांवर थांबू नये, आणि तुलनेसाठी घेतलेला नमुना त्याच शब्दांचा व शक्यतो तशाच दूरध्वनीवरून घेतलेला होता का, हे परीक्षकाला विचारावे.